बिननावाची कॅसेट

माझ्या मुलीने मला मोबाइलवरच्या एका गटात घातलं आहे. जुन्या रॉक गिटारचं वेड असलेली जगभरची माणसं तिथे आपापले आवडते तुकडे टाकतात आणि कुठला सोलो थोर, कुठल्या मैदानात कोणी तो कसा वाजवला, यावरून हमरीतुमरीवर येतात. बहुतेक सगळे माझ्याच वयाचे, म्हणजे गुडघे गेलेले आणि मतं शाबूत असलेले. मीही हिरिरीने भांडते. पण कुणी ‘तुमचा सगळ्यात आवडता कुठला’ असं विचारलं की मी गप्प बसते, कारण माझा आवडता तुकडा कोणी वाजवला आहे हेच मला माहीत नाही. चाळीस वर्षं शोधते आहे. गटातल्या पंडितांना गुणगुणून पाठवला, तेव्हा सात जणांनी सात नावं सांगितली आणि सातही चुकीची निघाली. तो तुकडा जगात एकाच कॅसेटवर असावा. ती माझ्या कपाटात आहे, आणि तिच्यावरही तो अर्धाच आहे. त्याच्या आधी पाच मिनिटं माझे पप्पा बोलतात.

आम्ही तेव्हा मस्कतच्या रूवी भागात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचो. पप्पा एका मोठ्या हॉटेलात एसी दुरुस्तीचं काम करायचे. दिवसभर परक्यांच्या खोल्या गार करून घरी आले की आमच्या खिडकीतल्या खडखडणाऱ्या एसीकडे बघून म्हणायचे, तुझ्याकडे उद्या बघतो. तो उद्या काही आला नाही. मम्मी त्या वर्षी घरात नव्हती. वसईला तिचे वडील विहिरीच्या कठड्याजवळ घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांचं करायला दुसरं कुणी नाही म्हणून ती माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेली, ती महिन्यासाठी म्हणून गेली आणि दहा महिने राहिली. मी दहावीत, शाळा सोडून जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी आणि पप्पा मागे उरलो. पप्पांना एकच कालवण यायचं, सुक्या बोंबलांचं, त्यात चिंच इतकी की जीभ आंबून जाई. सहा दिवस ते, आणि शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर कुणाला तरी दया येऊन जेवणाचं बोलावणं. आखातात आमचा रविवार शुक्रवारीच असायचा, कारण सुट्टी शुक्रवारी. देवाने ते चालवून घेतलं असावं.

आमच्या घरात पत्रं लिहिली जात नसत, बोलली जात. मम्मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि पप्पांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाही लागत नसे. फोन म्हणजे दोन मिनिटांची आरडाओरड, तीसुद्धा शेजाऱ्यांच्या घरी. म्हणून एक कॅसेट होती. पप्पा तिच्यावर बोलायचे, गावी निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, दुधाची पावडर आणि साबणाच्या वड्यांच्या सोबतीने, ती वसईला जायची. मम्मी ती ऐकायची, आळीतल्या बायकांना ऐकवायची आणि तिच्यावरच आपलं उत्तर बोलून परत पाठवायची. त्यामुळे आमच्या घरातलं कुठलंच बोलणं एका फेरीपेक्षा जास्त टिकलं नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी पप्पा एसी बंद करत, कारण त्याच्या घरघरीत शब्द बुडत. मग पाण्याच्या टँकरचा आवाज नको म्हणून खिडक्याही लावत. घामाने निथळत, जेवणाच्या टेबलाशी फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसून ते सुरुवात करत, ‘प्रिय मेरी, इकडे सर्व क्षेम आहे.’ समोरासमोर त्यांनी मम्मीला प्रिय म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

शुक्रवारची दुपार मात्र रेमंड अंकलची असायची. ते मुंबईचे, एका शिपिंग ऑफिसात कारकून, आणि चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसणारे. त्यांच्या हॉलमध्ये कमरेएवढे स्पीकर होते, आणि अंकलच्या बायकोने त्यांच्यावर विणलेले रुमाल टाकून त्यांना माणसांत आणायचा प्रयत्न केला होता. तिथे आम्ही चार जण जमायचो. एक स्वतः अंकल. दुसरे जोगळेकर काका, पुण्याचे, बांधकाम कंपनीत नकाशे काढणारे. ते शास्त्रीय गाण्यात वाढलेले, म्हणून लांबकेशी इंग्रजांची गिटारसुद्धा मांडीवर ताल धरून ऐकायचे आणि गडी समेवर आला की ‘आला!’ म्हणायचे. तिसरे इब्राहिमचाचा, रत्नागिरीकडचे, मस्कतजवळच्या बरका गावच्या बागांतून भाजी आणणारी पिकअप चालवायचे. तरुणपणी जहाजावर होते, तिथे खलाशांच्या जेवणघरात त्यांना हे वेड लागलं. जुम्म्याची नमाज झाली की ते येत, कधी लिंबं, कधी सुरमईच्या तुकड्या घेऊन, आणि त्या तळल्याच्या वासातच आमची बैठक सुरू होई. चौथी मी. क्वायरमध्ये चर्चच्या गिटारवर चार कॉर्ड वाजवायचे, एवढ्या भांडवलावर मला आत घेतलं होतं.

बैठकीचे नियम अंकलचे. ज्याने त्याने आपला एक तुकडा आणायचा, कॅसेट बरोबर त्या तुकड्याच्या सुरुवातीला आणून ठेवलेली पाहिजे, आणि कॅसेटवर नाव नको. कागद खरवडून काढायचा, डबीही कोरी. अंकल म्हणत, नाव वाचलं की माणूस कानाने ऐकत नाही, ओळखीने ऐकतो. एकदा सगळ्यांनी मुकाट ऐकायचं, आणि दुसऱ्यांदा लावलं की जिथे ज्याचा जीव अडकेल तिथे त्याने हात वर करायचा. बोलणं त्यानंतर. आजच्या गटातले लोक आधी नाव वाचतात आणि मग भारावतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा दोघांनी मला गटातून काढायची मागणी केली.

अंकलकडचा सगळ्यात मौल्यवान तुकडा त्यांनी स्वतः एका दुपारी परदेशी रेडिओवरून उतरवून घेतला होता. कुठल्या तरी कार्यक्रमातलं प्रत्यक्ष वादन, नऊ मिनिटांची नुसती गिटार, मागे ड्रम आणि शेवटी टाळ्या. निवेदक नाव सांगून गेला तेव्हा अंकल कोरी कॅसेट शोधत होते. इब्राहिमचाचांचा हात नेहमी सुरुवातीला वर जायचा, जिथे वाजवणारा एकाच सुरावर इतका थांबतो की ऐकणारेही गप्प होतात. जोगळेकरांचा तिसऱ्या मिनिटाला, तो भरकटतोय म्हणेपर्यंत ठेक्यात परत येतो तिथे. अंकलचा चौथ्यात, जिथे त्याचं बोट घसरतं आणि ती चूकच तो पुन्हा तीनदा वाजवून गोड करून घेतो. माझा सगळ्यांच्या नंतर, जिथे तो तेच तीन सूर हळू, आणखी हळू करत नेतो आणि आपण आपसूक पुढे वाकतो. तिथे मला दर वेळी रडू यायचं, आणि ते लपवायला मी सुरमईत काटा लागल्याचं सोंग करायचे.

मला तो वाजवायचा होता. चार कॉर्डच्या जिवावर हे म्हणणं म्हणजे उंटाच्या शेपटीला धरून चंद्रावर जाण्यासारखं होतं, पण एकदा डोक्यात घेतलं की मी कुणाची नव्हे. अंकलच्या घरातून कॅसेट बाहेर जात नसे. मी तीन महिने दर शुक्रवारी मागितली. शेवटी त्यांच्या बायकोने कंटाळून माझी बाजू घेतली. अंकलनी कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि ती पटकन सोडली नाही. म्हणाले, “एक वीक, आग्नेस. पुढच्या फ्रायडेला इथे पाहिजे. याची दुसरी कॉपी नाहीये.”

बुधवारी दुपारी मी क्वायरच्या सरावाला गेले. कॅसेट टेबलावर, आमच्या टेपरेकॉर्डरजवळ, तुकड्याच्या अगदी सुरुवातीला आणून ठेवलेली. त्याच दुपारी पप्पांना निरोप आला की खालच्या मजल्यावरचा माणूस एक दिवस आधीच, आत्ताच, वसईला निघतोय. आमची नेहमीची कॅसेट अजून मम्मीकडेच होती. पप्पांनी टेबलावर पाहिलं. एक कॅसेट, तिच्यावर नाव नाही, डबीवर नाव नाही. वरच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली असली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. तीही अंकलनी मोडलेली नव्हती. पप्पांनी एसी बंद केला, खिडक्या लावल्या आणि प्रिय मेरी सुरू केलं. घाईत होते म्हणून पाचच मिनिटं बोलले. मी घरी आले तेव्हा एसी पुन्हा चालू होता, पप्पा समाधानाने चहा पीत होते आणि ती कॅसेट विमानतळावर पोचली होती.

मला आठवतं, मी ओरडलेसुद्धा नाही. मी त्यांना सांगितलं की ती कॅसेट माझी नव्हती, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की पुढचं मला बोलवेना. मग दोन दिवस मी काहीच बोलले नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. पप्पा कालवणात चिंच कमी घालून माझी मनधरणी करत होते आणि मी जेवत नव्हते. मला त्यांचा राग आला होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. चूक त्यांची नव्हती. त्या वर्षी आमच्या घरात कोरी कॅसेट म्हणजे मम्मीसाठीची कॅसेट.

शुक्रवारी मी रिकाम्या हाताने गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं.  रेमंड अंकल स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी आधीच धुतलेले कप पुन्हा धुतले. जोगळेकर काकांनी हिशेब मांडला की पाच मिनिटं गेली म्हणजे आपले तिघांचे हात गेले, फक्त हिचाच उरला, तोही वसईची माणसं उत्तर बोलून पुसतील. मला तिथून पळून जायचं होतं. पण मी म्हटलं, मला तो भरून द्यायचा आहे. मी वाजवीन. तुम्हाला जे जे आठवतं ते मला द्या. अंकल टॉवेलला हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “ठीक आहे. इब्राहिम, तू पहिला. तुझा तर सुरुवातीलाच हात वर असतो.”

त्या दिवशी पहिल्यांदा त्या हॉलमधले स्पीकर बंद राहिले आणि माणसं वाजली. इब्राहिमचाचांनी तो एक सूर शिटीवर धरला, दम संपेपर्यंत. जोगळेकर म्हणाले, एवढा लांब नव्हता. चाचा म्हणाले, “नाय हो, एवढाच व्हता. तुमी ताल मोजीत बसता, मी थांबून ऐकतो.” दोघांत जुंपली. मग कळलं की प्रत्येकाला आपापली जागा सुरासुरासकट पाठ होती आणि मधलं कुणालाच नीट आठवत नव्हतं. दुधाची तहान ताकावर, पण ताक तरी चार घरचं होतं. जोगळेकर काकांनी ते सगळं नकाशाच्या कागदावर बारीक अक्षरात सा रे ग म करून उतरवलं, आणि जिथे तार ओढून सूर वर नेतात तिथे मींडेची खूण काढली. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. रॉक गिटारचं असं लिखाण दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

महिन्याभराने वसईहून कॅसेट परत आली. पप्पांनी आणि मी ती लावली. आधी पप्पांचा आवाज, जसाच्या तसा. पत्राच्या शेवटी ते म्हणत होते, “आग्नेसने गिटारचं वेड घेतलंय, ऐकशील तू एकदा. बाकी क्षेम.” खट्. आणि लगेच, पाचव्या मिनिटापासून, ती गिटार. तीन सूर, हळू, आणखी हळू. मग शेवट आणि टाळ्या. पुसलेलं नव्हतं. मी घाईघाईने दुसरी बाजू लावली. तिथे मम्मी बोलत होती, मागे कोंबड्यांचा आवाज, तिच्या आवाजात कधी नव्हे इतका उत्साह. “आग्नेस बाळा, तू वाजवलंस ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. शाळेच्या कार्यक्रमात वाजवलंस काय? टाळ्या केवढ्या पडल्या! आजोबांनी विचारलं, कोण वाजवतंय. म्हटलं, आपली आग्नेस. आता ते रोज संध्याकाळी लावायला सांगतात, आणि मग त्यांना झोप लागते. म्हणून मी ह्या बाजूला बोलते. ती बाजू पुसायची नाही, पप्पांना सांग. आजोबांसाठी तशीच दुसरी कॅसेट काढून घेतली आहे शेजारच्यांकडून.”

पप्पांनी टेप बंद केला.  पप्पा म्हणाले, पुढच्या कॅसेटमध्ये खरं काय ते सांगून टाकू, त्यात काय एवढं. मी म्हटलं, नाही. आजोबांना झोप लागतेय. ती येईल तेव्हा मी तिच्यासमोर वाजवीन, मग ते खोटं राहणार नाही. पप्पा म्हणाले, “मग वाजव. पण अर्धवट नको.” एवढंच. तोपर्यंत माझ्या गिटारला ते टिंगटिंग म्हणत आले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हॉटेलच्या लाउंजमध्ये वाजवणाऱ्या फिलिपिनो गिटारवाल्याला गाठलं. काय बोलले ते मला माहीत नाही, पण त्याच्या खोलीचा एसी त्यानंतर कधी बिघडला नाही. दुपारी लाउंज रिकामं असे. शाळा सुटली की मी तिथे जायचे आणि तो खुर्च्यांच्या गर्दीत बसून मला त्याच्या इलेक्ट्रिक गिटारवर तार कशी ओढायची ते दाखवायचा. तार ओढणं म्हणजे दोरीने विहिरीतून बादली काढण्यासारखं असतं, नुसत्या बोटाने नाही, मनगटाने. बोटांची सालटी निघाली, मग त्यांच्यावर घट्टे आले, मग घट्टेही फाटले. इंग्रजीच्या सराव परीक्षेत मला पेन धरता येईना. पप्पांनी बोटांना खोबरेल लावून दिलं आणि अभ्यासाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, हे आज मला जास्त मोठं वाटतं. दर शुक्रवारी अंकलकडे परीक्षा. चाचांच्या सुराला मी पुरेसा वेळ थांबत नसे. “घाई कसली गो पोरी? बस नाय सुटत,” ते म्हणायचे. जोगळेकर मांडी थोपटत बसायचे आणि मी चुकले की थोपटणं थांबवायचे. अंकलची चूक सगळ्यात अवघड गेली. बोट मुद्दाम घसरवायचं आणि ते मुद्दाम वाटू द्यायचं नाही, हे मला तेव्हा जमलं नाही आणि पुढेही फारसं जमलेलं नाही.

आजोबा नाताळच्या दोन आठवडे आधी गेले. मम्मीने ते फोनवर सांगितलं, दोन मिनिटांत, न ओरडता. शेवटच्या संध्याकाळीही कॅसेट लावली होती, म्हणाली. आजोबांची प्रत आता शवपेटीत त्यांच्या उशाशी होती आणि तिच्यावर ते मला ऐकत गेले होते. मी त्यांना फसवलं होतं असं मला वाटायचं आणि अजूनही अधूनमधून वाटतं. त्यावर एकच उपाय मला दिसत होता, आणि मी लाउंजमधला वेळ तासाने वाढवला.

जानेवारीत मम्मी आली. वाळलेली, केसांत पांढरं आलेलं, भाऊ तिच्या खांद्याला लागलेला. पहिले दोन दिवस ती नुसती घर घासत होती. शुक्रवारी मिस्सेनंतर आम्ही सगळे अंकलकडे जेवायला गेलो. चाचा नवा सदरा घालून आले होते. गिटार आणि तिचा छोटा स्पीकर पप्पांनी हॉटेलमधून मागून आणला होता. जेवण झालं, मी तार लावायला बसले, आणि पप्पा काही न बोलता उठले. त्यांनी अंकलचा एसी बंद केला आणि खिडक्या लावल्या.

मी नऊच्या नऊ मिनिटं वाजवलं. चाचांच्या सुरावर थांबले, बस सुटू दिली नाही. जोगळेकर काकांच्या जागी त्यांचं थोपटणं ऐकू आलं आणि त्यांनी हळूच ‘आला’ म्हटलं. घसरायच्या जागी मी एकदा खरीच घसरले आणि तीनदा खोटी. मग ते तीन सूर आले. हळू, आणखी हळू. मला वाटतं सगळे पुढे वाकले होते, पण मी बघितलं नाही. संपलं तेव्हा घामाने माझा फ्रॉक पाठीला चिकटला होता. रेमंड अंकलनी दोन्ही हात वर केले होते आणि ते खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

मम्मी हातातला रुमाल घड्या करत बसली होती. तिने तो उलगडला, पुन्हा घडी केली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, कौतुकापुरतंसुद्धा नाही.

“छान वाजवलंस,” ती म्हणाली. “पण कॅसेटवर यापेक्षा बरं वाजवलं होतंस.”

 इब्राहिमचाचा बंद खिडकीतून बाहेर काय दिसतं ते बघायला लागले. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी सांगतेय की काय म्हणून.

“हो,” मी म्हटलं. आणि गिटार पुन्हा मांडीवर नीट घेतली. “थांब. परत वाजवते.”